५७ किलोच्या पोराचे १६० भारी, की १०२ किलोच्या गड्याचे २२०?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मिरजेत आमच्या जिममध्ये डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा बार हातात धरून ताठ उभे राहण्याची, घरगुती स्पर्धा झाली. वजनगट नव्हते. जो सगळ्यात जास्त ओढेल तो पहिला, एवढाच नियम. पहिला आला तो १०२ किलोचा गडी, त्याने २२० ओढले. दुसरा आला तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा. वजन ५७, त्याने १६० ओढले. बक्षीस वाटप झाले आणि तिथूनच वाद पेटला. ग्रुपवर तो अजून चालूच आहे.

पोराच्या बाजूचे म्हणतात, १६० भागिले ५७ म्हणजे स्वतःच्या वजनाच्या २.८१ पट, आणि २२० भागिले १०२ म्हणजे २.१६ पट. मग खरा पहिला कोण? दुसरी बाजू म्हणते, लोखंडाला तुमचे वजन ठाऊक नसते, २२० म्हणजे २२०.

प्लेटा चढवायला मीच होतो, त्यामुळे दोघांचे ओढणे हाताच्या अंतरावरून पाहिले. मोठ्याचा बार जमिनीवरून सुटला तो एका लयीत मांडीपर्यंत आला. मनगटाला पट्टे गुंडाळले होते. खाली ठेवताना त्याने घाईसुद्धा केली नाही. पोराचा बार गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबला. मांड्या थरथरत होत्या, नडगीची कातडी सोलून बारला रक्त लागले होते. मग गुडघे थोडे वाकवून त्याने बार मांडीवरून वर सरकवत नेला आणि ताठ उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला.

मी स्वतः ४१ वर्षांचा, वजन ७८, चार वर्षे व्यायाम करतोय आणि १५० वर अडकलोय. मला मनापासून समजून घ्यायचे आहे की असे वजन किती मोठे हे मोजायची रास्त पद्धत कोणती. नुसते 'किती पट' काढणे बरोबर आहे का?

तराजू

'किती पट' ही पद्धत हलक्या माणसाच्या बाजूने झुकलेली आहे. यात कुणाच्या मताचा प्रश्न नाही, शरीराची घडणच तशी आहे.

दोर किती ओझे पेलेल हे त्याच्या जाडीवर ठरते, लांबीवर नाही. स्नायूचेही तसेच. त्याची ताकद आडव्या छेदावर अवलंबून असते. आता एकाच ठेवणीची दोन माणसे घ्या, एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच. त्याच्या स्नायूंचा छेद होईल चौपट, पण शरीराचे वजन होईल आठपट. ताकद वाढते, पण वजन त्याहून भरभर वाढते. गॅलिलिओने १६३८ साली हाडांबद्दल हेच मांडले होते.

म्हणून वजनाचे घनमूळ काढून त्याचा वर्ग करायचा आणि उचललेल्या वजनाला त्याने भागायचे. ६४ आणि १२५ किलोचे दोन जण घेतले तर हिशेब तोंडी होतो. ६४ चे घनमूळ ४, वर्ग १६. १२५ चे घनमूळ ५, वर्ग २५. म्हणजे ६४ किलोच्या माणसाने १६० ओढले तर त्याला भागाकार १० येतो, आणि तेवढाच १० मिळवायला १२५ किलोच्या माणसाला २५० ओढावे लागतात. पहिल्याचे झाले अडीच पट, दुसऱ्याचे दोनच पट. तरी दोघे तुल्यबळ.

तुमच्या दोघांचा हिशेब असा येतो. पोरगा १६० भागिले १४.८१, म्हणजे १०.८. मोठा २२० भागिले २१.८३, म्हणजे १०.१. पोरगा पुढेच आहे, पण साध्या पटीत जे अंतर ३० टक्के दिसत होते ते इथे ७ टक्क्यांवर आले.

परदेशी_पाटील

तराजू, अगदी नेमके सांगितलेत. मी न्यू जर्सीत राहतो, वीस वर्षे हा खेळ बघतोय. तुमची पद्धत मोठ्या नावांवर लावून पाहिली.

लमार गँट, अमेरिकेचा. १९८५ साली ६० किलोच्या गटात ३०० किलो ओढले. स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट करणारा तो पहिला माणूस. एड कोन, तोही अमेरिकेचाच. १९९१ साली जेमतेम १०० किलो वजनावर ९०१ पौंड, म्हणजे सुमारे ४०९ किलो. पटीत बघितले तर एक पाच, दुसरा चारच्या किंचित वर. पण घनमुळाच्या हिशेबाने गँट १९.६ आणि कोन १९.० येतो. म्हणजे दोघे शेजारी शेजारी उभे राहतात. या खेळात मुरलेल्या माणसांनाही ही दोन्ही ओढणी एकाच तोलाची वाटतात, म्हणून मला हे उत्तर पटते.

याउलट आइसलँडचा हाफथोर ब्योर्नसन. २०२० साली त्याने ५०१ किलो ओढले, वजन सुमारे २०५. पटीत जेमतेम अडीच, आणि तुमच्या हिशेबानेही १४.४ च. ते ओढणे कमी मोलाचे होते का? मुळीच नाही. त्याआधी २०१६ मध्ये एडी हॉलने लीड्समध्ये ५०० ओढले तेव्हा नाकातून रक्त आले आणि तो कोसळला. माणसाच्या शरीराची शेवटची हद्द कुठे आहे, हा त्या आकड्यामागचा प्रश्न असतो. तिथे भागाकार करायला जाऊच नये. लोखंडाला तुमचे वजन ठाऊक नसते, हे त्या ठिकाणी खरे आहे.

गँटबद्दल एक सांगायलाच हवे. त्याच्या पाठीच्या कण्याला बाक होता आणि हात धडाच्या मानाने खूप लांब. उभा राहिला की बार जवळजवळ गुडघ्यापाशी येई. म्हणजे बारला वर जावे लागणारे अंतरच कमी. हे त्याचे श्रेय कमी करायला सांगत नाही, तसा कणा घेऊन ३०० किलोखाली उभे राहणे सोपे नव्हे. पण शरीराची ठेवण कुठल्याच भागाकारात पकडली जात नाही.

पांढरा_दिवा

मी जिल्हा आणि राज्य पातळीवर पॉवरलिफ्टिंगचा पंच म्हणून काम करतो. चर्चा छान चालली आहे, पण सगळे एकदम भागाकारावर आले. आधी वरचा आकडा, म्हणजे ओढलेले वजन, खरा आहे का ते बघा. कृष्णाकाठ, तुम्ही स्वतःच लिहिलेल्या तीन गोष्टींवर माझी नजर अडकली.

एक, पट्टे. आमच्या स्पर्धेत कमरेचा बेल्ट चालतो, मनगटाचे पट्टे चालत नाहीत. बार हातात धरून ठेवणे हा डेडलिफ्टचाच भाग आहे. पट्ट्यांनी २२० ओढणाऱ्याचे पट्ट्यांशिवाय २०० होतील की २१५, ते तो ओढेपर्यंत कुणी सांगू शकत नाही. पाटीलसाहेब, तुम्ही वर ब्योर्नसनचे नाव घेतलेत, त्याच्या स्ट्राँगमॅनच्या खेळात पट्टे चालतात. म्हणून ५०१ आणि ४०९ एकाच पाटावर बसवू नयेत.

दोन, मांडीवरून सरकवणे. बार मांडीवर टेकवून, गुडघे वाकवून वर नेला तर आमच्याकडे लाल दिवा. तीन पंच असतात, दोघांनी पांढरा दिला तरच वजन धरले जाते. गुडघे सरळ, खांदे मागे, बार एकदाही खाली आलेला नाही, आणि मुख्य पंचाने 'डाउन' म्हटल्यावरच ठेवलेला. तुमच्या वर्णनावरून पोराचे १६० आमच्याकडे मिळाले नसते. त्याने त्याआधी किती ओढले होते?

तीन, रॉड. तो वीस किलोचा आहे हे कुणी पाहिले? आपल्याकडच्या कितीतरी जिममध्ये रॉड वीस धरतात आणि असतो बारा, पंधरा. तो काट्यावर ठेवा. प्लेटेचा व्यासही मोजा. प्रमाण प्लेट ४५ सेंटीमीटरची असते. ती लहान असली तर बार खालून उचलावा लागतो आणि तेच वजन जड जाते.

जास्वंद

मी ३४ वर्षांची, नाशिकची, पाच वर्षे लिफ्टिंग करते. 'किती पट' या आकड्याने मला एकदा फसवले होते, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझे वजन ५८ होते, डेडलिफ्ट १००, म्हणजे १.७२ पट. मग टायफॉइड झाला. उठले तेव्हा वजन ५१. जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायचे. दोन महिन्यांनी पुन्हा बार धरला, हळूहळू ९० पर्यंत गेले. वहीत भागाकार केला तर १.७६! वहीप्रमाणे मी आजारपणाआधीपेक्षा जास्त ताकदवान झाले होते. माझ्या पाठीला आणि हातांना ठाऊक होते की तसे नाही. तराजू यांचा हिशेब आज लावून पाहिला. आधी ६.६७, नंतर ६.५४. निदान दिशा तरी बरोबर दाखवली.

दुसरे, बायकांचे आकडे पुरुषांच्या पटीशी लावून 'दुप्पट तरी हवेच' म्हणणारे दादा प्रत्येक जिममध्ये भेटतात. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर नेले, २.३५ पट, आणि रौप्य आणले. जमिनीवरून नुसते उभे राहणे नव्हे, डोक्यावर! त्यामुळे कुठला आकडा कुठल्या प्रकारातला, हे आधी विचारावे.

तालीमकर

माझे वय ६७. आमच्या काळी डेडलिफ्ट हा शब्द नव्हता. तालमीत नाल होता, दगडी कडे, मध्ये धरायला मूठ. देवळाबाहेर गोटी असायची, गुळगुळीत गोल दगड. जो ती छातीला लावेल, खांद्यावर घेईल, त्याचे नाव गावात राहायचे. गोटीचे वजन कुणी केले नव्हते आणि उचलणाऱ्याचेही नाही. गोटी तीच, माणसे बदलत. तुमच्या २२० वाल्याच्या बाजूचे लोक बोलतात ते याच चालीचे आहे आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

पण कुस्तीत मात्र वजनाला वजन लागते हे आम्हाला पक्के ठाऊक होते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोच्या गटात. तुमच्या पोराचेच वजन की! त्यांना शंभर किलोच्या पैलवानापुढे उभे करून कोण मोठा असे कुणी विचारले नाही. त्यांच्या गटात जगात तिसरा, एवढे पुरे झाले. मला वाटते, गट पाडून स्पर्धा घेतली असती तर हा धागा निघालाच नसता.

तराजू

काका, तुमचे म्हणणे मान्य. माझ्या सूत्राने गटांची जागा घेता येत नाही. ते एकाच ठेवणीची माणसे गृहीत धरते. खरी माणसे तशी नसतात. वजन वाढते तशी चरबी वाढते, आणि डेडलिफ्टमध्ये पोट मोठे असेल तर खाली बसून बार धरतानाच आडवे येते.

म्हणून पॉवरलिफ्टिंगवाल्यांनी नुसत्या भूमितीवर विसंबायचे सोडून खऱ्या स्पर्धांच्या निकालांवरून सूत्रे बांधली. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट विल्क्सचे सूत्र वर्षानुवर्षे चालले. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१९ पासून ते बदलले. आता बऱ्याच ठिकाणी डॉट्स नावाचे गुणांकन वापरतात.

पांढरा_दिवा

त्यात एक भर. ही गुणांकने मुख्यतः स्क्वॅट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणे), बेंच (बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट या तिन्हींच्या बेरजेवर बांधलेली आहेत. एकट्या डेडलिफ्टला लावली की हलक्या गटातले पुन्हा थोडे वर दिसतात, कारण तिन्हींपैकी डेडलिफ्टमध्येच हलकी माणसे सगळ्यात तेज असतात.

कृष्णाकाठ

दोन दिवस गप्प होतो, कारण रॉड काट्यावर ठेवायचा होता. काल सकाळी सरांना विचारून रॉड शेजारच्या धान्याच्या दुकानात नेला. दोघांनी आडवा धरून पोत्यांच्या काट्यावर टेकवला. १३ किलो! पुन्हा ठेवला, पुन्हा १३. प्लेटा बहुतेक बरोबर निघाल्या, व्यास मात्र ४१ सेंटीमीटर. म्हणजे बार दोन सेंटीमीटर खालून सुटत होता.

तर सगळ्यांचे सात सात किलो गेले. माझे १५० चे १४३ झाले, हे लिहिताना वाईट वाटले, पण आहे ते आहे. मोठ्याचे २१३, पोराचे १५३. मला आधी वाटले, दोघांचेही सातच गेले तर तुलनेत काय फरक पडणार. पण पडतो. साठ किलोच्या आतल्या माणसाला ते सात किलो जास्त जड. तराजू यांच्या हिशेबाने आता मोठा ९.७६ आणि पोरगा १०.३३.

पंचसाहेब, तुमचा दुसरा प्रश्न. पोराने १६० च्या आधी १५० ओढले होते, ते स्वच्छ होते, बार कुठे थांबला नव्हता. खरे वजन १४३, हिशेबाने ९.६६. म्हणजे नियमाने धरले तर मोठा किंचित पुढे, आणि मोठ्याचे पट्टे काढले तर पुन्हा पोरगा पुढे असू शकतो. तीस टक्क्यांवरून सुरू झालेले अंतर शेवटी एका पट्ट्यावर येऊन थांबले.

आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलोच्या गटात वेटलिफ्टिंगच्या दोन प्रकारांत ११३ आणि १३५ मिळून २४८ उचलले. सुवर्णपदकवाल्याचे २४९. एका किलोने सुवर्ण गेले. तिथे एकेक किलोला एवढी किंमत, आणि आम्ही सात किलो हवेत सोडून भांडत होतो.

परदेशी_पाटील

काट्यावर रॉड नेल्याबद्दल तुमचे मनापासून कौतुक. मोठ्या गड्याबद्दल कुणी फार बोलले नाही. तो किती वर्षे करतोय?

कृष्णाकाठ

नऊ वर्षे. दिवसभर मार्केट यार्डात हळदीची पोती हलवतो आणि संध्याकाळी जिमला येतो. पोरगा दीड वर्ष.

परदेशी_पाटील

मग माझ्या लेखी दोन वेगळी कौतुके आहेत. दीड वर्षात अडीच पट स्वच्छ ओढणारा पोरगा दुर्मिळ. दिवसभर ओझी वाहून नऊ वर्षे संध्याकाळी पुन्हा बारपाशी येणारा माणूस त्याहून दुर्मिळ. पुढच्या रविवारी त्याला माझा नमस्कार सांगा.

सत्तावन्न_किलो

नमस्कार. धाग्यातला पोरगा मीच. कृष्णाकाठ काकांनी लिंक दिली म्हणून खाते काढले. सगळे वाचले. १६० ला बार मांडीवर टेकला होता हे मला तेव्हाच कळले होते, पण खाली सोडवेना.

एक विचारायचे होते. मित्र म्हणतात, वजन ५३ वर आण, १६० म्हणजे तिप्पट होईल आणि ज्युनिअरमध्ये ५३ चा गटही आहे. दोन आठवडे भात-पोळी बंद केली आहे. बरोबर करतोय का?

जास्वंद

नको रे बाळा. वरचा माझा टायफॉइडचा किस्सा पुन्हा वाच. पटीचा आकडा वाढवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जेवण कमी करणे, आणि त्या रस्त्यावर ताकद कुठेच भेटत नाही. आजच्या आज भात सुरू कर.

पांढरा_दिवा

तू वीस वर्षांचा, अजून भरायचा आहेस. तुझा गट ५९. तो पूर्ण भरायला दोन किलो वाढवायचे, चार उतरवायचे नाहीत. वर्ष-दोन वर्षांत ६६ मध्ये जाशील तेव्हा तुझी पट कमी दिसेल आणि बारवरचे वजन जास्त असेल. घाबरू नकोस. मी कितीतरी पोरे वजन उतरवण्याच्या नादात स्पर्धेच्या सकाळी ओठ कोरडे पडलेल्या अवस्थेत काट्यावर चढताना पाहिली आहेत. पहिल्याच प्रयत्नात हातातून बार सुटतो.

नडगी सोलते तर गुडघ्यापर्यंतचे मोजे घाल. स्पर्धेत ते सक्तीचेच आहेत. आणि गुडघ्यावर अडकतोस त्यासाठी सहा आठवडे १२० च्या आसपास राहा, प्रत्येक रेपला बार गुडघ्याखाली एक क्षण थांबवून मग वर ने. १६० ला हात लावू नकोस.

तालीमकर

पोरा, दूधही चालू ठेव.

सत्तावन्न_किलो

सात आठवडे झाले, सांगितले होते म्हणून लिहितो. वजन ५८.६. रॉडवर सरांनी पिवळ्या ऑइलपेंटने १३ लिहून घेतले आहे. काल खऱ्या वजनाने १५३ ओढले, प्लेटांखाली दोन सेंटीमीटरच्या फळ्या ठेवून, बार कुठेही न थांबता. प्लेटा चढवायला मोठे दादाच होते. त्यांनी पट्ट्यांशिवाय २०३ ओढले, आणि २०८ हातातून सुटले. आता ते रोज शेवटी बार नुसता धरून उभे राहतात, मी घड्याळ लावतो.

पांढरा_दिवा

व्हिडिओ आहे का? बाजूने काढलेला हवा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. समोरून काढलेल्यात मांडी दिसत नाही.

सत्तावन्न_किलो

समोरूनच आहे. शनिवारी पुन्हा ओढतो, तेव्हा बाजूने काढून टाकतो.